स्पेक्ट्रम सकाळी टेप लोड करतो, संध्याकाळी नाही: 'आर टेप लोडिंग एरर'चा छडा

स्पेक्ट्रम म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, साध्या कॅसेट रेकॉर्डरवरून प्रोग्रॅम लोड करणारा. टेप तीच, रेकॉर्डर तोच, आवाजाचं बटण मार्करने खूण केलेल्या जागेवरच. सकाळी आठ वाजता प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात लोड होतो आणि संध्याकाळी साडेसातला तोच प्रोग्रॅम पडद्याच्या तळाशी 'आर टेप लोडिंग एरर, ०:१' लिहून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सगळं ठीक. हा खेळ माझ्याकडे एप्रिल-मे असे जवळजवळ दोन महिने चालला. तेवढ्या काळात मी रेकॉर्डरचा बेल्ट बदलला, टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू तीनदा फिरवला, रेकॉर्डरचा आवाज मशीनमध्ये जिथून शिरतो त्या इअरच्या सॉकेटला नव्याने सोल्डर मारलं. यातल्या एकाचीही गरज नव्हती. जुनी मशीनं घेऊन बसणाऱ्या मंडळींकडून हीच तक्रार फिरून फिरून येते आणि जो तो माझ्यासारखाच आधी स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मशीन म्हणजे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने ऐंशीच्या दशकात आपल्याकडे विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस. आतून तो मूळच्या ब्रिटिश सिंक्लेअर कंपनीचाच ४८ के मेमरीचा स्पेक्ट्रम: झेड-८० ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्‌झ. तेव्हा खालचं सगळं १९८२ च्या रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमलाही लागू आहे. वडिलांनी घेतलेलं मशीन, बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होतं. उतरवलं, पुसलं, लावलं, चाललं. रेकॉर्डर साधा, एका स्पीकरचा मोनो.

एरर कोणत्या क्षणी येतो?

'आर' पाहिला की आपण वैतागून स्टॉप दाबतो. पण तो कधी आला यातच अर्धं निदान असतं. 'J'चं बटण दाबलं की 'लोड' उमटतं, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर. टेप सुरू केली की पडद्याच्या किनारीवर लाल आणि आकाशी पट्टे दिसतात. हा पायलट टोन, साधारण ८०७ हर्ट्‌झचा एकसुरी आवाज. हेडरच्या आधी पाच सेकंद. मग क्षणभर निळे-पिवळे पट्टे फडफडतात, तो १७ बाइटचा हेडर, म्हणजे प्रोग्रॅमची ओळखचिठ्ठी, आणि प्रोग्रॅमचं नाव उमटतं. पुन्हा दोनेक सेकंद लाल-आकाशी, आणि त्यानंतर निळ्या-पिवळ्याची लांबलचक धावपळ, म्हणजे खरा माल.

मशीनच्या रॉममधला, म्हणजे कायमच्या मेमरीतला, लोडर दोन कारणांनी रुसतो. आवाजाचा पुढचा ठोका, म्हणजे पल्स, ठरलेल्या वेळात आलाच नाही, तर तो तिथल्या तिथे हात वर करतो. आणि सगळे बाइट आले पण हिशेब पडताळणारा शेवटचा पॅरिटी बाइट जुळला नाही, तर शेवटपर्यंत गुपचूप बसून मग एरर देतो. म्हणजे मध्येच तुटलं तर कुठेतरी पल्स गळाला: टेपवर डाग, आवाज कमी, वायर सैल, किंवा मशीनलाच क्षणभर ऐकू आलं नाही. सगळं छान वाजून शेवटच्या क्षणी 'आर' आला तर पल्स आले, पण कुठे शून्याचा एक वाचला गेला किंवा एकाचा शून्य. तिथे संशय हेडवर, टोनच्या बटणावर किंवा रेकॉर्डरच्या वेगावर घ्यायचा. हा काही शंभर टक्के नियम नाही, गोंगाटाचा एखादा जादा पल्सही शेवटचा हिशेब बिघडवू शकतो. पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

नावच उमटत नसेल, पट्टेच धड बनत नसतील, तर आवाज मशीनपर्यंत पोचत नाहीये. वायर बघा. आणि ही सगळी परीक्षा साध्या लोडरच्या टेपवर करायची. नंतरच्या काळातल्या बऱ्याच गेमचे स्वतःचे, जास्त वेगाचे टर्बो लोडर असतात. ते चुकले की काहीही न सांगता मशीन रिसेट करतात, त्यातून काही कळत नाही.

माझी परीक्षेची पद्धत अशी. कोऱ्या टेपवर त्याच रेकॉर्डरने एक स्क्रीन सेव्ह करायची, म्हणजे सेव्ह, काहीतरी नाव, आणि पुढे स्क्रीन डॉलर. ६९१२ बाइट, अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम. सेव्ह करताना इअरची पिन काढून ठेवा. इअर आणि माइक अशा दोन्ही पिना लावून ठेवल्या की आवाज फिरून परत आत येतो आणि रेकॉर्डिंगच नासतं. ही स्वतःची स्क्रीन लोड झाली आणि दुसऱ्यांच्या टेप होत नाहीत, तर हेडचा कोन बिघडलाय. वाकड्या हेडने लिहिलेलं तेच वाकडं हेड बरोबर वाचतं, म्हणून. स्वतःची स्क्रीनही होत नसेल, तर हेडच्या स्क्रूला हात लावू नका. मी लावला. त्या नादात ज्या टेप आधी वाजत होत्या त्याही रुसल्या आणि मग त्यांची वेगळी मनधरणी करावी लागली.

भाच्याचा प्रश्न

माझ्याकडे एरर दर वेळी मध्येच यायचा आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. टेपवर डाग असता तर एकाच जागी आला असता. स्वतः सेव्ह केलेली स्क्रीनही संध्याकाळी तुटायची. एवढं कळूनही मी रेकॉर्डरभोवतीच घिरट्या घालत होतो, कारण चाळीस वर्षांचा रेकॉर्डर समोर उघडा पडलेला असताना दुसऱ्या कोणावर संशय घ्यायला मन तयार होत नाही.

सुट्टीत आलेला भाचा दोन दिवस हे बघत होता. त्याने त्याच स्क्रीनच्या आवाजाची वेव्ह फाइल मोबाइलमध्ये घेतली, मोबाइलची वायर इअरला लावली आणि वाजवली. संध्याकाळचे सात-सव्वासात. पट्टे आले, नाव आलं, निळं-पिवळं धावलं आणि निम्म्यात 'आर'.

"मामा, मोबाइलला कुठे बेल्ट असतो?"

बस. बेल्ट नाही, हेड नाही, मोटर नाही, आणि मोबाइल बॅटरीवर. तरी एरर येतो, म्हणजे रोग इअरच्या सॉकेटच्या अलीकडे नाहीच, पलीकडे आहे, मशीनमध्ये किंवा मशीनला मिळणाऱ्या विजेत. हा उलटतपास मी पहिल्याच दिवशी केला असता तर बेल्टचे पैसे आणि ते डांबर झालेले जुने रबर पुलीवरून खरवडण्याची एक दुपार वाचली असती.

मोबाइलने तपासायचं तर दोन-चार गोष्टी सांभाळा, नाहीतर मोबाइलच खोटी साक्ष देतो. आवाज पूर्ण वर. बऱ्याच फोनचा हेडफोनचा आवाज स्पेक्ट्रमला काठावरच पुरतो, आणि कानाच्या सुरक्षेसाठी असलेली मर्यादा चालू असेल तर पुरतच नाही. इक्वलायझर, बास बूस्ट, 'सराउंड' वगैरे सगळं बंद. फोन विमान मोडवर टाका; लोडिंगच्या तिसऱ्या मिनिटाला काकूंचा शुभ सकाळ टुंग करून आला की खेळ खलास. वायरमध्ये फोनच्या बाजूला स्टिरिओ पिन घ्या आणि टोक व बूड एवढेच दोन जोड वापरा, मधली कडी मोकळी सोडा. मोनो पिन थेट खुपसली तर उजवा चॅनल ग्राउंडला शॉर्ट होतो. लॅपटॉपवरून वाजवत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवा; चार्जर लावल्यावर जी बारीक गुणगुण येते ती तुम्हाला संगीतात ऐकू येणार नाही, पण स्पेक्ट्रमला येते.

आईचा मिक्सर

आता संशय विजेवर. पण संशय आणि पुरावा यात आईचं एक वाक्य होतं. मी जेवताना संध्याकाळचं रडगाणं गात होतो, तर म्हणाली, "मिक्सर पण संध्याकाळी रडतच फिरतो. चटणी सकाळीच वाटून ठेवते मी. तुझ्या डबड्याला काय वेगळी लाइट येणार आहे?"

उठून मीटर आणला. सकाळी आमच्या खोलीतल्या प्लगमध्ये २२८ व्होल्ट मिळाले होते, आता १९६. जिन्याखाली वीज मीटरपाशी मोजलं तर तिथे २१६. म्हणजे वीस व्होल्ट आमच्याच घरात, जिन्याखालून वर येईपर्यंत, गळत होते. संध्याकाळी आमचा एसी आणि खालच्या बिऱ्हाडाचा एसी एकदम सुरू होतात, आणि वरपर्यंत गेलेली वायर जुनी, ॲल्युमिनियमची. वायरमनने जिन्यातला डबा उघडला तेव्हा आतला जॉइंट कोळशासारखा काळा होता. वायरवरचं आवरण बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं चुरलं. स्पेक्ट्रम राहू दे बाजूला, हे घर पेटवणारं काम होतं. वायर तांब्याची टाकून घेतली.

पण इथे थांबलो असतो तर अर्धंच उत्तर मिळालं असतं. १९६ व्होल्टवरही चांगला अडॅप्टर स्पेक्ट्रमला चालवायला हवा. मशीनबरोबर आलेला अडॅप्टर जुन्या पद्धतीचा आहे: आत ट्रान्सफॉर्मर, डायोड, एक कपॅसिटर, बस. व्होल्टेज स्थिर ठेवणारं कुठलंही रेग्युलेशन नाही. बाहेरची वीज पडली की तेवढ्याच प्रमाणात त्याचा व्होल्टेजही पडतो. त्यावरून पाच व्होल्ट करण्याचं काम मशीनमधला ७८०५ हा रेग्युलेटर करतो, आणि त्याला स्वतःला जगायला वर दोनेक व्होल्ट लागतात. म्हणजे आत येणारा व्होल्टेज सातच्या खाली गेला की पाचाचे पाच राहत नाहीत.

मशीन चालू ठेवून अडॅप्टरचा व्होल्टेज मोजला: सकाळी ९.८, संध्याकाळी ८.३. सातच्या वरच की! इथे मी फसलो, आणि बरेच जण फसतात. मीटर डी.सी.वर सरासरी दाखवतो, त्यातले खड्डे दाखवत नाही. खड्डे बघायचे तर मीटर ए.सी.वर ठेवा आणि एका तारेत १ मायक्रोफॅरडचा साधा, बिनध्रुवाचा कपॅसिटर घालून मोजा, म्हणजे डी.सी. अडतं आणि फक्त हेलकावा दिसतो. माझ्याकडे एक व्होल्ट आला. ऐकायला किरकोळ वाटतो, पण मीटरचा एक व्होल्ट म्हणजे शिखरापासून खड्ड्यापर्यंत जवळजवळ साडेतीन. सरासरी ८.३ आणि त्याखाली पावणेदोनचा खड्डा: साडेसहा. दर सेकंदाला शंभर वेळा ७८०५ चा श्वास कोंडत होता. सकाळी ९.८ मधून तेच पावणेदोन गेले तरी आठ उरतात, म्हणून सकाळ निभून जायची.

खड्डा एवढा मोठा का? अडॅप्टरमधला कपॅसिटर इतक्या वर्षांत, आणि बडोद्याच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यांत माळ्यावर राहून, सुकला होता. एकटा सुकलेला कपॅसिटर चालून गेला असता, एकटी खराब वायरही चालून गेली असती. दोघांनी मिळून संध्याकाळ गाठली.

याची खूण पडद्यावर पहिल्यापासून होती, मला वाचता आली नाही. संध्याकाळी पांढऱ्या पडद्यावर दोन फिकट, रुंद, आडवे पट्टे दिसायचे, पाण्यावरच्या सावलीसारखे अगदी हळू सरकणारे. मी म्हणायचो टीव्ही जुना आहे. गंमत अशी की स्पेक्ट्रमचं चित्र सेकंदाला ५० नव्हे, ५०.०८ वेळा रंगतं आणि आपली वीज ५० हर्ट्‌झची. शंभराचा हेलकावा म्हणजे एका चित्रात दोन पट्टे, आणि त्या ०.०८ च्या फरकामुळे ते सरकतात. दहा-बारा सेकंदांत एक फेरी. तुमच्या पडद्यावर असे दोन पट्टे फिरताना दिसले तर टेपला हात लावायच्या आधी अडॅप्टर मोजा. एकच पट्टा दिसला तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता धरा.

दुरुस्ती: अडॅप्टर प्लगमधून काढून अर्धा तास ठेवला, डबा चिकटवलेला होता तो बारीक करवतीने कडेने कापला, आणि ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर बसवला. ध्रुव उलटे लावू नका, फुटतो. आतल्या २३० व्होल्टच्या बाजूला बोट जाणार नाही अशी पट्टी लावून डबा परत बंद केला. ज्यांनी मेन्सचं काम कधी केलं नाही त्यांनी हे करू नये, ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला द्यावं. पंधरा मिनिटांचं काम आहे. आता संध्याकाळी, दोन्ही एसी चालू असताना, ९.४ व्होल्ट आणि हेलकावा ०.४. पट्टे गेले, आणि 'आर'ही गेला.

नवा अडॅप्टर घ्यायचा असेल तर ९ व्होल्ट, दीड-दोन ॲम्पिअरचा एसएमपीएस, म्हणजे नव्या स्विचिंग पद्धतीचा अडॅप्टर, चालतो, आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असला तर संध्याकाळची भानगडच उरत नाही. पण स्पेक्ट्रमची मधली पिन ऋण असते आणि बाहेरचा भाग धन. घरात पडलेले राउटरचे वगैरे अडॅप्टर सहसा याच्या उलटे. पिन बसते, म्हणून लावून बघायचा मोह होतो, आणि उलटा व्होल्टेज गेला की मशीन मरू शकतं. आत वाचवायला काही नाही. लावण्याआधी मीटरने पिन मोजा, स्टिकरवरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. मी घेतलेला पहिला स्वस्त एसएमपीएस पडद्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके आणत होता, लोडिंगही सुधारलं नाही. तो दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला.

बाकीचे नेहमीचे आरोपी

वीज ठीक असेल, आणि स्वतःची स्क्रीन लोड होते पण बाहेरच्या टेप होत नाहीत, तर मात्र हेड. शून्याचा पल्स म्हणजे साधारण २०४७ हर्ट्‌झची एक लाट, एकाचा तिच्या निम्मी. हेड वाकडं झालं की आधी वरचे सूर दबतात, म्हणजे शून्य आधी मरतात. स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशची एक रेघ मारून मूळ जागा धरून ठेवा. मग पिन काढून टेप स्पीकरवर वाजू द्या आणि स्क्रू पाव-पाव वेढा फिरवत कानाने ऐका: आवाज घोंगडीखालून आल्यासारखा असेल तर चूक, कानात टोचायला लागला की बरोबर. मीटर, ॲप कशाचीही गरज नाही. एवढंच की एका टेपला जुळवलं की दुसऱ्या रेकॉर्डरवर भरलेली टेप रुसू शकते, कारण ती त्या रेकॉर्डरच्या कोनात लिहिलेली असते. तिच्यासाठी परत फिरवा.

त्याआधी हेड आणि टेप ओढणारी दांडी, म्हणजे कॅपस्टन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टोनचं बटण असेल तर ट्रेबल पूर्ण. आवाज पाऊणपासून सुरू करा. मागच्या एज कनेक्टरला जॉयस्टिकचा इंटरफेस वगैरे लावलेला असेल तर तपासताना काढून ठेवा, आणि काढ-घाल नेहमी मशीन बंद करून.

पावसाळ्यानंतर टेपच्या रिळाच्या कडेला पांढरी भुरी दिसली तर ती टेप वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ओळखीच्या एकांच्या तळमजल्यावरच्या टेप गाळात गेल्या. त्यांनी त्या धुतल्या, वाळवल्या, आणि तपासण्यासाठी माझ्या रेकॉर्डरवर वाजवायला घेऊन आले. मी चहा दिला, रेकॉर्डर दिला नाही. आधी दुसरा, फेकायच्या लायकीचा रेकॉर्डर शोधा आणि त्यावर एकदा वाजवून संगणकात उतरवून घ्या, एवढं सांगितलं. निम्म्या टेप अशाच वाचल्या.

एक टेप माझ्याकडे अजूनही अडते, रोज, सकाळ असो की संध्याकाळ, निळं-पिवळं सुरू झाल्यावर बरोबर एक मिनिट चाळीस सेकंदांनी. तिथे टेपला आडवी सुरकुती आहे, कॅसेट उघडून नखाने ओढलं तर जाणवते. ती वीज नाही, हेड नाही, अडॅप्टर नाही. तेवढी जागा वाचवता येईल असा उपाय माझ्याकडे नाही.